‘कोणाची गं तू?’: नोकरी गेली, चर्चमधली सेवा वाढली, तरी आतून रिकामं वाटतंय

पत्र थोडक्यात, नावगाव काढून:

लिहिणारी 29 वर्षांची आहे, नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातली. वडील मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर, आई रिटायर्ड नर्स. इंजिनियरिंग करून पुण्यात एका आयटी कंपनीत सहा वर्षं नोकरी केली आणि सात महिन्यांपूर्वी एका सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर ती नोकरी गेली. रूम सोडून घरी आली. तेव्हापासून वडील सगळ्यांना ‘घरूनच काम करते ती’ असं सांगतात. इकडे ती संडे स्कूल घेते, क्वायरमध्ये गाते, तरुण संघाचं सगळं बघते, लोक कौतुक करतात, आणि तिला भीती वाटते की हे कौतुक थांबलं तर आपल्यात काही उरणारच नाही. एका प्रार्थना मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की विश्वास कमी पडतोय म्हणून हिचं काम होत नाहीये. ऑफिसात सहा वर्षं ‘तू ख्रिश्चन? पण आडनाव तर मराठी आहे’ हे ऐकून झालंय ते वेगळंच. तिचे शब्द: ‘ताई, “तुझी ओळख ख्रिस्तात आहे” हे वाक्य मला पाठ आहे, मी मुलांना शिकवते सुद्धा, पण मला ते आतून वाटत नाही. माझा विश्वास खोटा आहे का? थोडे दिवस चर्च सोडू का? कंपनीने आयडी कार्ड परत घेतलं पण त्याची निळी दोरी माझ्याकडेच राहिली, ती मी किल्ल्यांना लावलीय. ती टाकून देऊ का, हेही मला ठरवता येत नाही, इतकी वाईट अवस्था आहे.’

अगं,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या दोरीपाशीच अडकले. मोठमोठे प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी माणूस जे जाता जाता लिहितो ना, खरं दुखणं बऱ्याचदा तिथे असतं. दोरीचं नंतर बोलू.

आधी सांगून टाकते की मीही नगरचीच (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला वेळ लागतोय), ख्रिस्ती घरातलीच, आणि तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे हे उत्तर बाहेरून बघणाऱ्या बाईचं नाही. तू ज्या बाकावर बसतेस तसल्याच बाकावर बसून लहानपणी मीही पाय हलवलेत आणि आईचा चिमटा खाल्लाय.

‘मला ते वाटत नाही, म्हणून माझा विश्वास खोटा’, हे गणित तू कुठून आणलंस? तू तुझ्या आईची मुलगी आहेस हे तुला रोज सकाळी उठल्या उठल्या वाटतं का? नाही वाटत. काही दिवस तर आईचा इतका राग येतो की आपण हिचे नसतो तर बरं झालं असतं असंही मनात येतं, आणि त्या दिवशीही तू तिचीच असतेस, रेशन कार्डावर नाव तसंच असतं आणि ताटात भाकरी पण पडते. तू ‘ख्रिस्तात ओळख’ या गोष्टीला एक पेपर करून ठेवलंयस, त्यात फीलिंग म्हणजे मार्क, आणि सात महिने तू त्यात नापास होतेयस. दहावी, बारावी, कॅम्पस, अप्रेझल, आणि आता हा. मला तर वाटतं तू कंपनीची रेटिंग सिस्टीम उचलून जशीच्या तशी देवघरात, म्हणजे आपल्याकडे चर्चात, आणून ठेवलीस.

आणि त्या वाक्याबद्दलही थोडं बोलायचंय. ‘आपली ओळख ख्रिस्तात आहे’ हे वाक्य चुकीचं नाही, पण माझ्या कानाला ते कायम थोडं परकं लागतं, इंग्रजी प्रवचनातून उचलून आणल्यासारखं. आमच्या घरातली म्हातारी माणसं असं कधी बोलली नाहीत. ती म्हणायची, ‘आम्ही प्रभूची माणसं.’ संपलं. फरक बघ, ‘ओळख’ म्हटलं की मी कोण, माझं काय, मला काय येतं हे सुरू होतं, आणि ‘प्रभूची’ म्हटलं की प्रश्नच बदलतो. तू सुट्टीत गावी गेली असशीलच, वेशीपाशी एखादी म्हातारी डोळ्यांवर हात धरून काय विचारते? तू कोण, काय करतेस, असं विचारत नाही. विचारते, ‘कोणाची गं तू?’ आणि तू आजोबांचं नाव सांगितलंस की तिचा चेहरा उजळतो, ‘अगं बया, त्यांची होय, ये की मग, चहा घे.’ तू अजून काही केलेलंही नसतंस. पॅकेज सांगितलेलं नसतं, गाणं म्हणून दाखवलेलं नसतं. तरी चहा मिळतो.

(हाच प्रश्न बाईला आधी बापाच्या आणि मग नवऱ्याच्या खुंटीला बांधायला पण वापरतात, ते मला चांगलं माहितीय, तीस वर्षं मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले बघितलेत मी. पण म्हणून प्रश्नातली ऊब खोटी होत नाही.)

माझ्या आजीचं सांगते. ती ज्या गावात जन्मली तिथे महारवाडा गावाबाहेर होता आणि तिला गावातलं कोणी नावाने हाक मारत नसे, ‘ए पोरी’, ‘ए म्हातारे’, मधलं काहीच नाही. लहानपणी तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, रजिस्टर उघडलं आणि तिचं नाव विचारलं. तिच्या बापाने वाडीतलं हाक मारायचं तोडकं नाव सांगितलं. पाळक म्हणाले, असं नाही, पूर्ण सांगा, मुलीचं, बापाचं, आडनावासकट. आणि टाकाने, शाईत बुडवून, सावकाश लिहिलं. आजीला वाचता येत नव्हतं. पण ती ओळ कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, पान उजवीकडचं, वरून चौथी, आणि पुढे कित्येक वर्षांनी माझ्या वडिलांच्या लग्नाच्या वेळी रजिस्टर बाहेर काढलं तेव्हा तिने आधी बोट पदराला पुसलं आणि मग त्या ओळीवर ठेवलं. तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, गावात तिची किंमत कोणी वाढवली नाही. पण ती पाठ ताठ ठेवून चालायची. कुणी विचारलं की म्हणायची, ‘माझं नाव लिवलंय.’

तिने काय फील केलं असेल मला माहीत नाही. ती असल्या शब्दात बोलायची नाही.

आता हे सांगताना मी गोड चित्र रंगवतेय असं वाटू देऊ नकोस. चर्चमध्ये आल्यावर जात गेली असं झालेलं नाही. लग्नं जुळवताना आजही कोण मूळचे कुठले हे हळूच विचारतात, तुझ्या घरी पण विचारत असतील. सरकारदरबारी तर वेगळाच गुंता, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, मग 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच. त्यामुळे आपल्याकडे किती घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चाललेलं असतं, आणि त्या दुटप्पी जगण्याची लाज पोरांच्या वाट्याला येते. त्या लाजेचं ओझं तू तुझ्या एकटीच्या विश्वासावर टाकू नकोस एवढंच म्हणते. ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

तो ऑफिसातला प्रश्न, ‘आडनाव तर मराठी आहे’. तुला तो बोचतो कारण तुलाही आतून वाटतं की दोन्हीपैकी एकच काहीतरी खरं असलं पाहिजे. का बरं? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आतच होते, साधारण 10.8 लाख, आणि त्यात वसईचे, मुंबईचे ईस्ट इंडियन, गोव्याहून नि केरळातून आलेले सगळे धरून. तेव्हा समोरच्याने तुझ्यासारखी मुलगी पाहिलेली नसणं साहजिक आहे, त्याला फार लावून घेऊ नकोस. पण नगरला अमेरिकन मिशनचं काम 1831 पासूनचं, ‘ज्ञानोदय’ हे आपलं मराठी ख्रिस्ती नियतकालिक 1842 पासूनचं. म्हणजे आपण काल आलेलो नाही. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक घे. कोकणात जन्मलेला ब्राह्मण कवी, नागपूरहून राजनांदगावला जाताना 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हातात दिला, त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून माणूस हलला, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरादाराने टाकलं, त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला आल्या. एवढं होऊन या माणसाने पुढे लिहिलं काय, तर अभंग! तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. शेवटी मिशनची नोकरी पण सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा काढला. आपण चर्चमध्ये टाळ, पेटी, तबला घेऊन जी भजनं म्हणतो ती काय हवेतून आली?

पंडिता रमाबाईंचं तर मला जास्त सांगायचंय, कारण तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. दुष्काळात आईबाप गेले, भावाबरोबर पायी देश फिरली, कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. म्हणजे बाईकडे आयडी कार्ड एकदम भारी होतं. मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर नवरा गेला, पदरात लहान मुलगी, आणि तेव्हाच्या समाजात विधवा म्हणजे कोणाचीच नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला मठातल्या भगिनींकडे राहत असताना बाप्तिस्मा घेतला. आणि तिथेही गुमान बसली नाही, शाकाहारीच राहिली, त्या बायकांशी धर्मावरून पत्रापत्री करून भांडली, क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे का असं विचारलं. ख्रिस्ताची झाले म्हणून इंग्रज होणार नाही, हे तिला अगदी पक्कं होतं.

आता हे नीट ऐक. याच रमाबाईंनी नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत ती बाई गप्प नव्हती गं, अमेरिकाभर फिरून पैसे उभे केले, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं, पेपरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय विश्वास आहे! आणि आत काहीतरी जागेवर बसायचं राहिलेलं होतं. मग ते बसलं, आणि केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. त्या आठ वर्षांना तू खोटी म्हणशील का? मी नाही म्हणणार. तुझे तर सात महिनेच झालेत.

बरं, आता नोकरी. तू लिहिलंयस की कॉल संपल्यावर लॅपटॉप आपोआप लॉक झाला आणि तुला वाटलं, कुणीतरी निकाल दिला. हे मला समजतं, पण निकाल कोणी दिला? एका कंपनीने, एका तिमाहीत, एका एक्सेल शीटवर. त्याचं तू देवाचं मत करून टाकलंस.

पुण्यात असताना सकाळी सात-साडेसातला बस पकडायला निघायचीस ना, मग मजूर अड्डा बघितला असशील. बायका डबा बांधून, पुरुष घमेलं-थापी घेऊन, टेम्पो थांबला की सगळे धावतात, मुकादम तरणे दंड बघून उचलतो, ‘तू ये, तू ये, तू नको’. नऊला गर्दी पातळ होते. बाराला जे उरतात ते म्हातारे, बारीक अंगाचे, पोर कडेवर असलेल्या बाया. ते घरी पण जात नाहीत, कारण घरी जाऊन सांगायचं काय? बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, मजुरांच्या गोष्टीत, येशूने नेमकी हीच जागा घेतलीय. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी जातो, नऊला जातो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला परत जातो. पाचला कोण जातं मजूर आणायला? दिवस संपला की! आणि विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.

या वाक्यावर प्रवचनात कोणी थांबत नाही, सगळे पुढे मजुरीवर जातात. मी गेली काही वर्षं याच वाक्यावर थांबते. आम्ही आळशी आहोत, आमचं स्किल कमी पडलं, असलं काही ते म्हणत नाहीत, आणि विश्वास कमी पडला असं तर मुळीच नाही. कोणी लावलं नाही, बस्स. मालकही उलटतपासणी घेत नाही, ‘तुम्ही पण जा’ म्हणतो. आणि मजुरी वाटताना शेवटच्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिवसाची देतो, तासभर राबलेल्यांना! सकाळपासून घाम गाळलेले चिडतात, आणि खरं सांगू, मी शाळेत सिनियर टीचर होते तेव्हा मीही त्या चिडलेल्यांच्या बाजूने होते. मला ही गोष्ट अन्यायाची वाटायची. मग एक वर्ष असं आलं की मला एका तुकडीवरून काढून नुसतं लायब्ररीत बसवलं, रिकामं, आणि त्या वर्षी मी पाचच्या लोकांत जाऊन उभी राहिले. तिथून गोष्ट वेगळी दिसते.

त्या ज्येष्ठ बाईंना काय उत्तर द्यायचं? भांडू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा माणूस दिसल्यावर शिष्य पण अगदी हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तू त्यांना हसून एवढंच म्हण, ‘मावशी, प्रार्थना करा, आणि ओळखीत कुठे जागा असेल तर सांगा.’ निम्मे लोक प्रार्थनेवरच थांबतील, पण एखादी मावशी खरंच भाच्याला फोन लावेल, आपल्या मंडळीत असं होतं, मी पाहिलंय.

चर्च सोडायचं का? माझं मत विचारशील तर चर्च नको, चर्चमधलं काम सोड. सगळं नाही, तीनातली दोन. तुझं पत्र वाचताना मला मार्थेचं घर दिसलं, येशू पाहुणा आलाय आणि ही नुसती कामात धावतेय. येशू तिला ओरडत नाही, दोनदा नाव घेतो, मार्था, मार्था, तू किती दगदग करतेस. तू सेवा करतेस ती प्रेमाने करतेस यात शंका नाही, पण नोकरी गेल्यावर दोन आठवड्यांत तीन जबाबदाऱ्या घेतल्यास, त्यात थोडी हाजिरी लावायची घाई पण आहे की नाही? तू स्वतःच लिहिलंयस, कौतुक थांबलं तर काय. मग थांबवूनच बघ, म्हणजे कळेल. कुठलं ठेवायचं ते असं ठरव की जे कोणाला दिसलं नाही तरी तू करशील. माझा अंदाज संडे स्कूल, कारण पत्रात तू क्वायरबद्दल एक ओळ लिहिलीस आणि त्या ‘देवाला झोप येते का’ विचारणाऱ्या पोराबद्दल अर्धं पान. तरुण संघाचं रजिस्टर आणि चाव्या सेक्रेटरीकडे देऊन टाक, कारण विचारलं तर ‘सध्या जमणार नाही’ एवढं पुरे. पहिल्या दोन रविवारी तुला चोर असल्यासारखं वाटेल, लोक विचारतील, बरं नाही का? चार रविवार काढ. मागच्या बाकावर बसायचं, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक हातात घेऊन बसून गायचं, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, रांगेत उभं राहायचं आणि संपल्यावर खुर्च्या न उचलता घरी जायचं. प्रभुभोजनाच्या रांगेत हात पुढे करताना हातात काही असून चालत नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का?

आणि नम्रता म्हणून ‘मी काहीच नाही, मी धूळ’ असं साक्ष देताना म्हणायची जी सवय आपल्याला लागलीय ती थोडी कमी कर. स्तोत्र 139 मध्ये बाई-माणूस आईच्या पोटात विणलं जातं, अद्भुत रीतीने घडतं असं लिहिलंय, आणि आपण रोज त्या विणकराला सांगायचं की तुझं काम टाकाऊ आहे? यात कसली नम्रता.

घरी मार्काचं शुभवर्तमान काढ, सगळ्यात छोटं, 16 अध्याय. रोज एकच प्रसंग, जास्त नको, नाहीतर त्याचं पण टार्गेट करशील. एवढंच बघायचं की लोक या माणसाला काय म्हणतायत आणि येशू काय म्हणतोय. पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई आहे, सगळे पैसे वैद्यांत घालवलेली, गर्दीत मागून येऊन वस्त्राला शिवते आणि पकडली जाते, थरथरत सगळं खरं सांगते. लोकांसाठी ती विटाळलेली. तो तिला म्हणतो, ‘मुली.’ तिचं नाव कुठे नाही दिलेलं, पण ‘कोणाची गं तू’ला उत्तर मिळालं की नाही? लूकमध्ये अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई येते, तिला तो अब्राहामाची कन्या म्हणतो, आणि जकातदार जक्कयलाही, ज्याच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नव्हतं, अब्राहामाचा पुत्र म्हणतो. अशा जागा सापडल्या की वहीत लिहून ठेव.

आता वडील. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो म्हणून शेवटाकडे ढकलला. ‘घरूनच काम करते’ हे ते तुझ्यासाठी बोलतात असं तुला वाटतं आणि त्यांनाही वाटतं, पण रोज ते वाक्य कानावर पडलं की तुला काय ऐकू येतं? की जशी आहेस तशी तू सांगण्यासारखी नाहीस. ते तसं म्हणत नाहीत गं. मिशनच्या शाळेत शिकून वर आलेली ही पिढी आहे, पोरीची नोकरी ही त्यांच्या लेखी नुसती नोकरी नसते, तीन पिढ्यांची चढण असते, आजीच्या खुरप्यापासून तुझ्या लॅपटॉपपर्यंत. ते घसरलं असं कबूल करायला त्यांची जीभ वळत नाही. तेव्हा चर्चमध्ये माईकवर साक्ष वगैरे देऊन त्यांना एकदम उघडं पाडू नकोस. एखाद्या संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बस आणि सांग, ‘पप्पा, मला कोणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे, तुम्ही पण सांगा, मला चालेल.’ ते गप्प बसतील. त्या दिवशी बहुतेक जेवताना पण बोलणार नाहीत. पुढच्या आठवड्यात कोणाला तरी हळूच सांगतील. आणि याचा एक रोकडा फायदा असा की नोकरी आहे असं सांगत राहिलीस तर कोणी नोकरी सुचवणार कसं? सीव्हीवर पण गॅप लपवू नको, एक ओळ, अमुक महिन्यात कपात झाली, तेव्हापासून अमुक शिकतेय, पुरे. शोधाशोध सकाळी दोन-तीन तास ठरवून कर आणि मग लॅपटॉप मिटव, दिवसभर ते पोर्टल रिफ्रेश करत बसण्याने काही होत नाही.

आणि एक, झोप लागत नसेल, जेवण उतरत नसेल, सकाळी उठूच नये असं रोज वाटत असेल किंवा त्याहून वाईट विचार येत असतील, तर तो विश्वासाचा प्रश्न समजू नको, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलतात. तुझी आई नर्स आहे, तिला हे माझ्याहून चांगलं कळेल. तिच्याबद्दल तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस, का ते बघ.

इतर वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नसतील, त्यांना हे आपलं नाही असं वाटेल कदाचित. पण नोकरी गेल्यावर मंडळाच्या गणपतीत, सोसायटीच्या कमिटीत नाहीतर सासरच्या स्वयंपाकघरात मर मर राबून आपली जागा कमवू बघणारी माणसं मला दर महिन्याला लिहितात, तर त्यांनीही तीनातली दोन कामं खाली ठेवून बघायला हरकत नाही.

हां, दोरी. तिने किल्ल्या सापडतात ना पर्समध्ये पटकन? मग राहू दे की. चांगली मजबूत असते ती.

तुझी,
ताई